बिनभाषणाची शाळा

राजकारण्याच्या घरात जन्मून भाषणाचा इतका तिटकारा असलेलं माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून मी एकच पाहिलं, आणि त्या माणसाच्या हाताखाली मी सव्वीस वर्षं नोकरी केली. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणत असू. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तरीही ताईच. त्यांचे वडील, म्हणजे आबा, आमच्या भागाचे तीन वेळा आमदार होते आणि एकुलत्या एक लेकीवर त्यांचा इतका जीव की चालायला लागल्यापासून तिला ते प्रत्येक कार्यक्रमाला घेऊन जात. आधी मांडीवर, मग शेजारच्या खुर्चीवर, मग व्यासपीठाच्या कडेला. पाझर तलावाचं भूमिपूजन, कुस्त्यांचा फड, दूध संघाची सभा, काही सुटलं नाही. ताई सांगायच्या की, आबांनी टोपी मागे सरकवली की अजून अर्धा तास, घसा खाकरला की दहा मिनिटं, आणि ‘शेवटी एकच सांगतो’ म्हणाले की जेवण थंड होणार हे त्यांना दुसरी-तिसरीतच कळायला लागलं होतं. झेंडूच्या हाराचा वास आला की मोठेपणीही त्यांना झोप यायची. हे मी वाढवून सांगत नाही. एका लग्नात नवरा-नवरी शेजारी उभे असताना त्या बसल्या जागी डुलताना मी पाहिल्या आहेत.

पुण्याहून शिकून आल्यावर आबांनी त्यांना जिल्हा परिषदेला उभं राहायला सांगितलं. ताईंनी उमेदवारी नाकारली आणि तिच्याऐवजी विट्याच्या बाहेर असलेलं आबांचं प्रचार कार्यालय मागून घेतलं. चार खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि मागे मोकळं रान. तिथं त्यांना शाळा काढायची होती. आमच्या विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली. माझे दीर कोइमतूरला, त्यांचे साडू गुवाहाटीला. गलाईवाल्यांची पोरं तिकडे वाढायची, मग चौथी-पाचवीत आजी-आजोबांकडे गावी यायची आणि इथल्या शाळेत मुकी होऊन बसायची. अशा पोरांसाठी वसतिगृहासकट शाळा, असा ताईंचा विचार होता. आबांनी जागा दिली. ताईंनी एकच अट घातली, की माझ्या शाळेसाठी तुम्ही कुणालाही एकही फोन करायचा नाही. आबा ‘बरं’ म्हणाले आणि ती अट त्यांनी इतकी मनावर घेतली की पुढे कित्येक वर्षं ते शाळेतही आले नाहीत. त्यांची गाडी फाटकापुढून जाताना नुसती हळू व्हायची. कार्यालयात उरलेली प्रचारपत्रकं मात्र आम्ही टाकली नाहीत. पहिली काही वर्षं आमच्या पोरांनी गणितं त्यांच्या पाठीवरच सोडवली. एका बाजूला हात जोडलेले आबा आणि दुसऱ्या बाजूला लसावि-मसावि.

मी मुलाखतीला गेले तेव्हा बी.एड.चं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, सगळं फायलीत लावून नेलं होतं. ताईंनी फाईल उघडली नाही. तुम्हाला काय येत नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मी गोंधळले आणि जे तोंडाला आलं ते बोलले, की मला सायकल येत नाही. त्यांनी मान हलवली, मराठी शिकवायला सोमवारपासून या असं सांगितलं, आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास पाचवीच्या मुलींकडून सायकल शिकायची असंही सांगितलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची, दोन लेकरांची आई. मागच्या रानात साडी खोचून मी सायकलवर बसले आणि ज्या पोरींना मी सकाळी ऱ्हस्व-दीर्घावरून बोलले होते त्याच पोरी संध्याकाळी मला ‘बाई, खाली बघू नका, पुढं बघा’ म्हणून दरडावत होत्या. हा नेम सगळ्यांनाच होता. दर वर्षी प्रत्येक शिक्षकानं न येणारी एक गोष्ट शिकायची, आणि तीही पोरांसमोर. शिकवणाऱ्याला शिकताना कसं वाटतं हे विसरता कामा नये, असं ताईंचं म्हणणं. गणिताचे सर भाकरी थापायला शिकले. वर्षभर वसतिगृहातल्या पोरांनी त्यांचे नकाशे खाल्ले. खेळाचे सर पेटी शिकले आणि शेजारच्या वस्तीवरून तक्रार आली. ताई स्वतः एका सहावीतल्या मुलीकडून तमिळ शिकल्या. त्यांचे यजमान लष्करात होते. सुट्टीवर आले की तेसुद्धा चार दिवस शाळेच्या ओट्यावर बसून शर्टाला काजं करताना दिसायचे.

स्नेहसंमेलनाला भाषण नव्हतं, हार नव्हते, शाल-श्रीफळ नव्हतं. ज्याला बोलायचंच आहे त्यानं वर्गावर जाऊन तास घ्यायचा. एकदा एक जिल्हा परिषद सदस्य आले आणि दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून हटून बसले. ताईंनी त्यांना शांतपणे पाचवीच्या वर्गात नेलं, हातात खडू दिला आणि अपूर्णांकांची बेरीज शिकवायला सांगितली. बाहेर त्यांचे कार्यकर्ते खिडकीला चिकटले होते. सदस्यांनी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश केले. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, की अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली तर ती अर्ध्यापेक्षा कमी कशी होते. सदस्यांनी घाम पुसला आणि ते खरे माणूस निघाले. मलाबी कुणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी तो तास त्या मुलीकडून ऐकला. पुढच्या वर्षी ते तयारी करून आले. चांगला तास घेतला.

विट्याचं बस्तान बसल्यावर ताईंनी वडूजला दुसरी शाळा काढली आणि मग लोणंदला तिसरी. या तिन्ही ठिकाणी त्या एसटीनं फिरत. घरच्या गाडीनं गेलं की गाडी ओळखून माणसं हात करायची आणि गावोगावी थांबावं लागायचं. पण एसटीतही लोक आमदारांची लेक म्हणून शेजारी येऊन बसत आणि खिशातून अर्ज काढून देत. कुणाची बदली, कुणाच्या विहिरीची मंजुरी. ताई अर्ज घेत, पर्समधून लाल पेन काढत, शुद्धलेखन दुरुस्त करत, फालतू ‘सविनय’ आणि ‘कृपावंत’ कापत, मुद्दा पहिल्या ओळीत आणत आणि अर्ज ज्याचा त्याला परत देत. माणसं आधी हिरमुसायची. मग बातमी पसरली, की ताईंनी तपासलेला अर्ज साहेब वाचतात तरी. शेवटी शेवटी तर दहिवडीच्या स्टँडवर लोक कोरा कागद घेऊनच उभे राहायचे.

हा ताठा एकदा मात्र अंगाशी आला. विट्याच्या शाळेत पहिल्यांदा दहावीचा वर्ग सुरू झाला तेव्हाची गोष्ट. वर्गात बावीस पोरं होती आणि वर्गाची मान्यता काही केल्या येत नव्हती. मान्यता आली नाही तर पोरांना दुसऱ्या शाळेच्या नावावर किंवा बाहेरून परीक्षेला बसावं लागणार. कोइमतूर, गुवाहाटी, विजयवाडा, सगळीकडून आई-बापांचे फोन यायला लागले. दोघांनी दाखले काढून नेले. ताई आणि मी कोल्हापूरच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात इतक्या खेपा घातल्या की तिथल्या चहावाल्याला माझी बिनसाखरेची सवय कळली. दर वेळी पत्र मिळायचं, त्यात त्रुटींची यादी असायची, ताई एकेक त्रुटी भरायच्या, आणि एका त्रुटीला दर वेळी तीन पानांचं उत्तर लिहून ती कशी गैरलागू आहे हे पटवून द्यायच्या. परीक्षेचे अर्ज भरायची मुदत जवळ आली तेव्हा त्या चार दिवस जेवल्या नाहीत नीट. पाचव्या दिवशी मला बरोबर घेऊन त्या आबांकडे गेल्या.

आबा त्याच्या आधीच्या निवडणुकीत पडले होते आणि नंतर उभेच राहिले नव्हते. अंगणात पेपर वाचत बसले होते. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, “आबा, एक फोन करा.”

आबांनी चष्मा काढला. टोमणा मारला नाही. आत जाऊन त्यांनी जुनी डायरी आणली आणि नंबर लावला. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं कळलं. दुसरा लावला, तो माणूस निवृत्त झाला होता. तिसऱ्यानं ओळखलं, आबांची तब्येत विचारली आणि करतो म्हणाला. दोन दिवस आबा फोनजवळून हलले नाहीत. कुणाचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेली टोपी घालून शाळेच्या फाटकात उभे होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. चल, आपण जाऊन येऊ, म्हणाले.

कार्यालयात आम्ही तिघं बाकावर दोन तास बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांत आबांना कुणी ओळखलं नाही. टेबलावरचा मुलगा नवा होता, लातूरकडचा असावा. त्यानं वहीत आबांचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, “आपण कोण? म्हणजे काय लिहू?”

आबांनी टोपी मागे सरकवली. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी ताईंकडे बोट केलं. “पालक. हिचा पालक हाय मी. लिवा.”

त्यानं लिहिलं आणि फाईल काढली. एकच कागद नाही, म्हणाला. शाळा ज्या जागेत आहे ती जागा अजून यांच्या, म्हणजे आबांच्याच, नावावर आहे, तेव्हा जागामालकाचं संमतीपत्र पाहिजे; तीन वेळा कळवलंय, आणि दर वेळी तुमच्याकडून मोठं पत्र येतं, पण सही येत नाही. ताईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि लगेच दुसरीकडे बघितलं. वडिलांच्या ओळखीनं काही घ्यायचं नाही, या नादात त्यांनी वडिलांची सहीसुद्धा मागितली नव्हती. आबांनी कागद मागून घेतला, गुडघ्यावर फाईल धरली आणि मुलानं सांगितलेला मजकूर शब्दन्‌शब्द स्वतःच्या हातानं लिहिला. सही केली. मग हळूच म्हणाले, “एवढंच व्हतं व्हय? मी रिकामाच बसलोतो की गं, ताई.”

परतीच्या वाटेवर कराडला उतरून ताईंनी आबांना आवडते म्हणून गरम जिलेबी घेतली. मान्यता आली, विलंब शुल्क भरून अर्ज द्यायची मुदत संपायच्या आत वीस पोरांचे अर्ज गेले. नेलेल्या दोघांतला एक परत आला, पण तोवर उशीर झाला होता. त्याची परीक्षा दुसऱ्या शाळेतूनच झाली. ताईंनी त्याच्या आईची घरी जाऊन माफी मागितली.

त्यानंतर आबा रोज शाळेत यायला लागले. त्यांनाही नेम लागू झाला. आपल्याला थोडक्यात बोलता येत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. सहावीची पोरं घड्याळ घेऊन समोर बसायची आणि आबा त्यांना एका मिनिटात एक गोष्ट सांगायचा सराव करायचे. वर्षभरात चार मिनिटांपर्यंत आले. त्याहून खाली काही ते उतरले नाहीत. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

मी आता निवृत्त होऊन साताऱ्याला मुलाकडे असते. मागच्या महिन्यात विट्याला गेले होते. त्याच सकाळी पक्षाची माणसं ताईंना भेटून गेली होती. आबांच्या नावाला अजून मान आहे, यंदा तरी उभ्या राहा, असं सांगत होती. ताईंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघी ओट्यावर येऊन बसलो. ताई आता साठीच्या पुढे गेल्या आहेत, गुडघे धरतात. मैदानाकडे बघत म्हणाल्या, “बाई, मी कधी उभी राहिले नाही, त्याचं आबांना वाईट वाटलं असेल का?”

त्यांच्याशी खोटं बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. मी म्हटलं, “वाटलं असेल.”

त्यांनी मान हलवली. मैदानात सातवीच्या मुली लंगडी खेळत होत्या. कोण बाद झालं यावरून त्यांचं भांडण लागलं, आवाज चढले, एकीनं रडायला सुरुवात केली. एरवी ताई केव्हाच उठून तिथं गेल्या असत्या. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. आबा फाटकापुढून गाडी हळू करून बघायचे, तशा लांबूनच नुसत्या बघत बसल्या, आणि थोड्या वेळानं मुलींचं भांडण आपोआप मिटलं.