म. ना. छापाचा जर्मन पेन

लाखनीच्या आमच्या शाळेत लांजेवार सरांचे किस्से इतके साचलेत की स्टाफरूममध्ये चहा आला की एक तरी निघतोच. सर शिकवतात भूगोल, पण स्वतःला समजतात शाईपेनचे जाणकार. खिशात भिंग, मोबाईलमध्ये पेनवाल्यांचे ग्रुप, आणि बाकी सगळं उचलली जीभ, लावली टाळ्याला!

*

एकदा लाखांदूरच्या एसटीत शेजारच्या म्हाताऱ्याच्या खिशातला पेन यांनी न विचारता काढला, भिंगातून बघितला आणि निब सोन्याची ठरवली. म्हाताऱ्यानं पेन हिसकून कमरेला खोचला आणि उतरेपर्यंत यांच्यावरून नजर हलवली नाही. सर अजून सांगतात, बघा, त्याला किंमत कळली. अहो, त्यानं तुम्हाला खिसेकापू समजलं!

*

करडीच्या मेश्राम सरांनी बाजारातला साधा पेन विटेवर घासला आणि आजोबांचा म्हणून यांच्यापुढे ठेवला. सरांनी तो युद्धाआधीचा ठरवला, वर कारखाना बॉम्बनं कसा उडाला तेही सांगितलं. मेश्रामांनी टोपणातलं किमतीचं स्टिकर दाखवलं. सर म्हणाले, "ते मागाहून लावलंय." आता बोला!

*

इथवर हसून सोडलं. पण वंदना मॅडमचा पेन आला तेव्हा माझं डोकं फिरलं.

मॅडमचे वडील ग्रामसेवक होते. गेल्या वर्षी वारले. नोकरीभर त्यांनी त्याच पेनानं सह्या केल्या. मॅडम मुख्याध्यापिकेचा चार्ज घेणार होत्या आणि पहिली सही त्यांना त्याच पेनानं करायची होती, पण निब तुटलेली. कंपनी कळली तर निब मिळेल, एवढीच आशा. पेनवर नाव नव्हतं. टोपणाच्या पितळी कड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं फक्त 'म. ना.'

सर म्हणाले, जर्मन.

"जर्मनीत मराठी कायले लिहितील?" मी विचारलं.

"एक्सपोर्ट मॉडेल आहे."

वर निकाल दिला की माल हलका आहे, निब मिळणार नाही, फेकून द्या. मॅडमचे डोळे भरून आले. या माणसाला ते दिसलंही नाही.

*

चार्ज घ्यायच्या आदल्या दिवशी मॅडम मला घेऊन सरांच्या घरी गेल्या, एकदा शेवटचं विचारायला. सरांनी लगेच त्या जर्मन मालकाचं चरित्र सुरू केलं. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं पितळी गडव्यात पाणी आणलं. मॅडमनं गडवा हातात घेतला आणि पाणी प्यायचं सोडून त्याचा काठच बघत बसल्या. तसेच ठिपके. म. ना.

"वहिनी, हे म. ना. कोण?"

"आमचे मामाजी. सासरे. महादेव नारायण. भेट देतील तर नाव टाकूनच, मंग गडवा असो का पेन. गावात ज्याले नोकरी लागली त्याले पेन देत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमालेबी देल्ला होता. डब्बीतून काढलाबी नाही तुमी."

सर उठून आत गेले. बऱ्याच वेळानं डबी घेऊन आले. आत कोरा करकरीत पेन, कड्यावर म. ना. भिंग खिशातच राहिलं. सरांनी त्याची निब ओढून काढली आणि मॅडमच्या पेनात स्वतः बसवली. अगदी बरोबर बसली.

मॅडमनं हळूच विचारलं, "पण सर, हा बनवला कोणी?"

"मले माहीत नाही," सर म्हणाले.