खांदे बघणाऱ्या काकू

"आवाज बंद कर रे. त्याचा खांदा ऐकू येत नाहीये."

काकू हे टीव्हीकडे बघत म्हणायच्या आणि उजवा तळवा हवेत दाबायच्या, जणू तो बडबडा समालोचक समोरच उभा आहे आणि त्याला खाली बसवायचंय. मी रिमोट दाबायचो. खोलीत शांतता. पडद्यावर सराव सामन्यांतलं फ्लोरिडाचं ऊन, खिडकीबाहेर कॅनडातल्या आमच्या वॉटर्लूचा मार्चमधला काळपट बर्फ, आणि चेंडू टाकून पाठमोरा निघालेला एक साडेसहा फुटी पिचर. आपण सगळे चेंडू कुठे गेला ते बघतो. काकू तो माणूस परत कसा चालतो ते बघायच्या.

"हा काही जूनपर्यंत टिकत नाही," त्या म्हणायच्या आणि चहाचा घोट घ्यायच्या.

आणि तो टिकायचा नाही! मंडळी, तुम्ही कुणाचा मनापासून हेवा केला आहे का? शेजाऱ्याच्या गाडीचा, मेहुण्याच्या कॉटेजचा करतात तसला किरकोळ नव्हे. सकाळी दात घासतानाही आठवतो, तसा? मी केला आहे. सत्तरी उलटलेल्या, सांधेदुखीचे मोजे घालणाऱ्या, माझ्या मागच्या अंगणापलीकडे राहणाऱ्या एका बाईंचा.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी बेसबॉल म्हणजे खरे खेळाडू आणि खोटे मालक. मार्चअखेर, मोसम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, आम्ही दहा जण माझ्या बेसमेंटमध्ये जमतो आणि आळीपाळीने खेळाडू निवडतो. याला ड्राफ्ट म्हणतात. मग सहा महिने त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे दिवे लावले, त्याचे गुण आम्हाला. आमच्या लीगमध्ये सगळे मराठी: बरेचसे माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले आणि एक नागपूरचा डेंटिस्ट. लीग मी काढलेली, म्हणून कमिशनर मी. नियमही मीच केलेले. पहिला नियम असा की ड्राफ्टला प्रत्येकाने खोलीत हजर पाहिजे. फोनवरून, स्क्रीनवरून काही नाही. समोरच्याचं तोंड पडलेलं दिसलं नाही तर मजा कसली?

तीन वर्षांपूर्वी एक गडी कमी पडला. बायको म्हणाली, "मागच्या काकूंना विचार की. त्यांच्याकडे सारखा बेसबॉल लागलेला असतो."

काकू मिरजेत फिजिओथेरपी शिकलेल्या. इकडे आल्यावर किचनरच्या हॉस्पिटलात त्यांनी उभं आयुष्य लोकांचे खांदे, कोपर आणि गुडघे जागेवर आणण्यात घालवलं होतं. मी त्यांना खेळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे खेळायचं त्यांनी आणि भांडायचं तुम्ही?"

"तसंच म्हणा, काकू."

"येते की मग. वड्या कशाच्या आणू? नारळाच्या?"

त्या नारळाच्या वड्यांचा डबा आणि एक जुनी पर्स घेऊन आल्या. माझ्यासमोर लॅपटॉप होता. त्यात तीनशे खेळाडूंचा तक्ता, सोळा रकाने, चार रंग. अख्ख्या हिवाळ्याची मेहनत. काकूंची पाळी आली. प्रत्येकाला नव्वद सेकंद मिळतात. त्यातले साठ चष्मा शोधण्यात गेले. मग त्यांनी अशा एका पिचरचं नाव घेतलं, ज्याच्या कोपराचं आदल्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. बेसमेंटमध्ये हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

"हसा," काकू म्हणाल्या. "शिवण चांगली बसली आहे त्याची."

सप्टेंबरमध्ये काकू पहिल्या. मी दुसरा.

आमची ट्रॉफी म्हणजे एका गराज सेलमध्ये मिळालेली लाकडी बॅट. ती काकूंच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किचनच्या खिडकीतून पाहतो तर काय! काकूंनी ती बॅट त्यांच्या मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खोबणीत आडवी टाकलेली. चोर येऊ नये म्हणून!

"अगदी मापाची आहे रे," त्या कौतुकाने म्हणाल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काकू पहिल्या, मी दुसरा, बॅट खोबणीत. माझ्या तक्त्यात आता बावीस रकाने झाले होते. मला एवढंच हवं होतं: एकदा, फक्त एकदा, काकू समोर बसलेल्या असताना त्यांना हरवायचं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघायला हवं होतं आणि म्हणायला हवं होतं, "बाबा, मानलं तुला."

आता मी जे सांगणार आहे त्याने माझी इज्जत वाढणार नाही. तरी सांगतो.

तिसऱ्या वर्षी ड्राफ्टच्या आदल्या दिवशी बर्फ पडला. मी काकूंचा ड्राइव्हवे शोव्हल करून दिला. हेतू शुद्ध होता, निदान अर्धा तरी. काकूंनी चहाला आत बोलावलं आणि दूध बघायला त्या फ्रिजकडे वळल्या. टेबलावर ग्रोसरीच्या फ्लायरची पाठकोरी बाजू. तिच्यावर काकूंच्या बारीक अक्षरात आठ नावं. त्यातल्या तिघांभोवती लाल पेनाने ठसठशीत गोल.

मी ती तीन नावं पाठ केली. चहा प्यालो. आलं छान पडलंय म्हणालो. आणि घरी पळालो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पहिल्या तिन्ही पाळ्यांना ते तिघं उचलले. बावीस रकान्यांचा माझा तक्ता दुसरंच काही सांगत होता; मी त्याला गप्प बसवलं. प्रत्येक वेळी मी चोरून काकूंकडे बघत होतो. त्यांच्या कपाळावर आठी चढत चालली होती. अहाहा! काय तो आनंद!

"तिघंही घेतलेस?" तिसऱ्या नावाला त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"बरं." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "वडी घे. दोन घे."

मोसमाच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्याचा कोपर गेला. मेमध्ये दुसऱ्याचा खांदा. जूनमध्ये तिसरा भरल्या मैदानातून बरगडी धरून वाकत वाकत बाहेर गेला, आणि त्याच्याबरोबर मीही. संध्याकाळी मी काकूंच्या दारात उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. फ्लायर, लाल गोल, शोव्हल, सगळं.

काकू इतक्या हसल्या की खुर्चीचा हात धरून खाली बसल्या.

"अरे, पेशंट आला की कागदावर माणसाचं चित्र असायचं आमच्याकडे. जिथं दुखतंय तिथं गोल करायचा. जन्मभर तेच केलं की मी! गोल केलेला माणूस तू घरी नेलास?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, एवढा मोठा तक्ता आहे तुझ्याकडे, त्यात काहीतरी दिसलं असेल." त्यांनी डोळे पुसले. "यादी चोरलीस त्याचं काही नाही रे. पण तीन-तीन दुखणाईत एकट्याने उचलून नेलेस, मणका कसा राहील तुझा?"

मग त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. रोज दहा तास कॉम्प्युटरपुढे बसून माझा उजवा खांदा अर्ध्या इंचाने खाली आला आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं म्हणे. जुना टॉवेल पाठीमागून दोन्ही हातांनी कसा ओढायचा ते त्यांनी शिकवलं. ज्या बाईंच्या नाशाची मी दोन वर्षं योजना करत होतो, त्या मला श्वास मोजून देत होत्या. आणि मी श्वास घेता घेता विचार करत होतो, पुढच्या वर्षी बघतोच!

त्या वर्षीही काकूच जिंकल्या. मी आठवा.

गेल्या डिसेंबरमध्ये काकूंनी घर विकलं. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, सरेला राहते, तिला बाळ होणार होतं, आणि काकूंना इथले घसरडे फुटपाथ झेपेनासे झाले होते. जाताना बॅट स्वच्छ पुसून परत देऊन गेल्या.

जानेवारीत आमची बैठक झाली. डेंटिस्ट म्हणाला, "काकूंना व्हिडिओवर घेऊ ना बे. त्यांच्याशिवाय कसला ड्राफ्ट?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळी, एका शब्दाचं काम होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "नियम म्हणजे नियम. खोलीत हजर पाहिजे. आज काकूंसाठी मोडला तर उद्या सगळेच सोफ्यावरून खेळतील."

जिन्यावरून बायकोचा आवाज आला, "लाज वाटते का काही?"

वाटत होती. पण लाजेच्या शेजारीच एक लाडू फुटत होता.

काकूंना मीच फोन केला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नियम आहे तर आहे." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मार्चचा ड्राफ्ट झाला. काकूंच्या जागी युनिव्हर्सिटीतला एक विद्यार्थी आला. तो फोनमधून मान वर न करता खेळाडू निवडत होता. माझा ड्राफ्ट अप्रतिम झाला. मी एकामागून एक अशी नावं काढली की डेंटिस्टने कपाळावर हात मारला. मोसम सुरू झाला आणि दोन आठवड्यांत मी पहिला होतो. चार वर्षांत प्रथमच! मी किचनच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या घरात नवे लोक पडदे लावत होते.

कमिशनरने त्याच दुपारी नियम बदलला आणि फोन लावला.

"काकू, नियम काढून टाकलाय. पुढच्या वर्षी तुम्ही तिकडूनच खेळायचं."

"अगं बाई! पण मी इकडे शब्द दिलाय रे."

"कुणाला?"

"शेजारी एक सरदारजी आहेत, ट्रकचा बिझनेस आहे त्यांचा. त्यांची लीग आहे. बाळाला फिरवताना ओळख झाली. फार गोड माणूस. तक्ता-बिक्ता काही नाही. सरळ विचारतात, आंटीजी, इसका कंधा कैसा है? मी आपली सांगते."

"सांगता? फुकट? विचारलं म्हणून?"

"मग काय चोरायला लावू?" त्या हसल्या. "तुझं कसं चाललंय?"

"पहिला आहे."

"शाब्बास रे!" काकू इतक्या मनापासून ओरडल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मला माहीत होतं. हुशार आहेस तू. बरं, ठेवते आता. आमची मॅच सुरू होतेय, सगळे येऊन बसलेत."

त्या लीगचं पान सगळ्यांना बघायला खुलं आहे. मी ते रोज उघडतो, माझ्या लीगच्या आधी. पहिल्या क्रमांकावर काकू. दुसऱ्यावर ट्रकवाले सरदारजी, थोडक्या गुणांनी मागे. ते काकूंच्या सोफ्यावर, काकूंच्या उजव्या हाताला बसत असणार आणि दर आठवड्याला त्यांच्याकडून हरत असणार. मी इकडे पहिला आहे, आणि त्या दुसऱ्या माणसाचा मला इतका हेवा वाटतो की बायको हल्ली मला जेवताना फोन हातात घेऊ देत नाही.