घाईचा शब्द

शब्दात डोंगर हलवण्याची ताकद असते. कारंज्याला कचेरीबाहेर पोत्यावर बसून अर्ज लिहिणारा एकजण तर ती रोज विकत असे. मराठी अर्जात तो घाईचा एक इंग्रजी शब्द घालायचा आणि घालताना कागदावर हात आडवा धरायचा. मी आत आवक कारकून होतो. त्या हाताचा मला पहिल्यापासून संशय होता.

एकदा कामरगावकडची बाई आली. गावच्या विहिरीचा काठ खचत होता, तो पावसाआधी बांधून हवा होता.

"भाऊ, मागं तुमी 'अर्जंट' लिवलं, काई झालं नाई."

"अर्जंट आता सारेच लिवतात, बाई. तुले 'स्विफ्ट' देतो."

"तो जोरानं पयते का?"

"घोड्यावानी."

मी खिडकीतून त्याला विचारले, "स्विफ्टचा अर्थ माहीत आहे का?"

"अर्थ साहेबाले पाहू द्या," निब केसांना पुसत तो म्हणाला. "आपलं काम घाई लिवाचं."

साधा मराठी अर्ज आमच्याकडे त्याच दिवशी साहेबांपुढे जाई. इंग्रजी शब्द असलेला आधी भाषांतरासाठी जिल्ह्याला पाठवावा लागे. बाईचा मीच पाठवला. तो दिवाळीत परत आला. 'स्विफ्ट'खाली कोणीतरी लाल शाईने 'त्वरित' असे लिहिले होते.