जवळचं लांब दाखवणारी लेन्स

गिऱ्हाइकाचे आधी हात बघायचे, मग खिसा, आणि जंगल सगळ्यात शेवटी, असं भिंगताईला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर, दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं जिन्यात थांबावं एवढ्याशा खोलीत, ती सव्वीस वर्षांपासून जुन्या लेन्स दुरुस्त करून विकत होती. तिचं खरं नाव रस्त्यात कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. जंगलात फोटो काढायला निघालेला, हौस दांडगी आणि खिसा फाटका असा माणूस फिरून फिरून तिच्याच जिन्याला लागायचा.

अशा माणसाला ती आधी झापायची. “कॅमेरा दहा वर्षं जुना असला तर वाघाला कळणार आहे का? पैसे लेन्समध्ये घाला.” चारच दिवस जायचं असेल तर विकत कशाला, भाड्यानं न्या. उन्हात फिरणार असाल तर अंधुक उजेडासाठी बनवलेली महागडी लेन्स घेऊन काय पुजायची आहे? आतल्या काचेला बुरशी धरलेली लेन्स मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. गिऱ्हाईक हसायचं, तीही हसायची.

एका बाबतीत मात्र ती हसत नसे. छोटी लेन्स घेऊन जंगलात जायचं नाही. लांबची लेन्स जनावराला तुमच्याजवळ आणते, छोटी लेन्स तुम्हाला जनावराजवळ नेते. त्यातून तिची खोड अशी की जवळची गोष्ट ती लांब दाखवते. माणूस कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावतो, पलीकडे जनावर बोटाएवढं दिसतं, त्याला वाटतं अजून पुष्कळ अंतर आहे, आणि तो आणखी एक पाऊल टाकतो. बाई महागाचा माल गळ्यात मारते, असं लोक पाठीमागे म्हणत. तिला ते ऐकू येई आणि ती ऐकून सोडून देई.

मग एक दिवस तिचा थोरला भाऊच जिना चढून आला.

दादानं चौतीस वर्षं लोकांच्या घरची विजेची मीटरं वाचली होती. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि घरात बसून त्याला भिंती खायला उठल्या होत्या. आता वहिनीला घेऊन चार दिवस हत्ती बघायला जायचं त्यानं ठरवलं होतं. कॅमेरा होता, त्याच्यासोबत आलेली वाढदिवसाचे फोटो काढायची छोटी लेन्सही होती. भिंगताईनं कपाटातून एक लांब लेन्स काढली. रंग उडालेला, काच मात्र निखळ, वजन दोन किलो.

दादानं ती उचलली आणि त्याचा डावा हात थरथरला. थोडा नाही, चांगला थरथरला. त्यानं लेन्स खाली ठेवली आणि हात खिशात घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही, कारण एकदा उघडून बसली होती. वडिलांचे हात असेच थरथरायला लागले होते, आणि एका गिऱ्हाइकासमोर स्क्रू त्यांच्या बोटांतून तिसऱ्यांदा निसटला तेव्हा तिनं त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला होता. “द्या, मी करते,” एवढंच म्हणाली होती. दुसऱ्या दिवसापासून वडील दुकानात आले नाहीत. घरी खिडकीकडे पाठ करून बसले, आणि वर्षाच्या आत गेले.

म्हणून तिनं आडून आडून सांगितलं. कापडाची एक पिशवी पुढे केली. “हिच्यात धान्य भर. गाडीच्या कठड्यावर ठेव आणि लेन्स वर टेकव. सगळा भार पिशवीवर.”

“पिशव्या म्हाताऱ्यांना दे, बारके,” दादा म्हणाला. लेन्स घेऊन गेला, पिशवी टेबलावर राहिली.

दादा-वहिनी जंगलात गेल्यावर त्यांच्या झाडांना पाणी घालायचं काम भिंगताईकडे होतं. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या घरी गेली. बादली पुसायला फडकं हवं म्हणून कपाट उघडलं, तर खालच्या खणात टॉवेलची एक जाडजूड वळकटी. हात लावला आणि तिला वजनावरूनच कळलं. लांब लेन्स घरीच होती. म्हणजे दादा जंगलात छोटी घेऊन गेला होता.

तिनं फोन लावला, लागला नाही. वहिनीला लावला, तोही नाही. जंगलात फोन लागत नाही हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असे. तरी त्या दिवशी तिनं एकवीस वेळा लावला. झाडांना पाणी घालायचं राहूनच गेलं.

पाचव्या दिवशी दादा एकेक पायरी गाळत जिना चढून आला. मागून वहिनी हळूहळू. वहिनी म्हणजे एरवी बोलायला लागली की समोरच्यानं चहा पिऊन घ्यावा अशी बाई, पण त्या दिवशी तिच्या तोंडाला कुलूप होतं. ती स्टुलावर बसली आणि नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली.

“तुझी लांब लेन्स नको आणि काही नको,” दादा म्हणाला. “बघ साध्या लेन्सची कमाल.”

एका हत्तिणीचे बारा फोटो होते. पहिल्या आठांत खालच्या कडेला गाडीचा लोखंडी कठडा दिसत होता, आणि हत्तीण लांब, झाडाखाली. नवव्या फोटोत कठडा नव्हता. त्याच्या जागी गवताची पुसट पाती होती, आणि कॅमेरा आता खालून वर बघत होता. अकराव्यात हत्तिणीचे कान पसरलेले. बाराव्यात आकाश उरलं नव्हतं.

“दादा, गाडीतून उतरलास?”

“ड्रायव्हर टायर बघायला उतरला, मीही उतरलो. कितीतरी लांब होती गं ती.”

“ड्रायव्हरनं कॉलरला धरून ओढलं,” वहिनी म्हणाली. “शर्टाची तीन बटणं तुटली. हे तोवर कॅमेऱ्याच्या खिडकीतनंच बघत होते.”

“काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,” दादा हसून म्हणाला. “महिनाअखेरीला परत जातोय. आगाऊ नोंदवलंय. कॅमेऱ्यात धूळ गेलीय, तेवढी साफ करून ठेव.”

लोक ती म्हण सुटकेचा श्वास सोडून म्हणतात. भिंगताईला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की वेळ आली नव्हती याचा अर्थ ती अजून यायची आहे.

ते गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि छोटी लेन्स उघडली. आत केसाएवढ्या तारांची एक पातळ पट्टी असते, तिच्यावर सगळा कारभार चालतो. सव्वीस वर्षांत तिनं चालती वस्तू कधी बिघडवली नव्हती. तिनं कात्री घेतली आणि पट्टी कापली. तिचे स्वतःचे हात तेव्हा थरथरत होते, त्यामुळे बंद करताना एका स्क्रूवर ओरखडा उठला.

“गेली रे, दादा,” आठवड्यानं तिनं सांगितलं. “पार्ट मिळत नाहीत. या खेपेला लांब लेन्स ने, आणि पिशवी ने.”

दादानं लेन्स उजेडाकडे धरली, उलटी केली, स्क्रूंवरून एकदा अंगठा फिरवला. तिला वाटलं, निभावलं. त्या आठवड्यात तिला चांगली झोप लागली.

महिनाअखेरीला निघायच्या सकाळी तो दुकानात डोकावला. वहिनी पिशव्या घेऊन जिन्यात उभी होती. दादाच्या हातात नवा कोरा फोन होता.

“लांब लेन्स?” तिनं विचारलं.

“कपाटात आहे, टॉवेलात. बारके, चौतीस वर्षं लोकांनी छेडछाड केलेली मीटरं ओळखून काढली मी. तुझा स्क्रू ओळखणार नाही?”

भिंगताई टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागली.

“रागावलो नाही,” दादा म्हणाला. “तुला हातांचं बोलायचं होतं, तुझी जीभ उचलली नाही. मलाही सांगवेना. आता काही अडलं नाही, थांब.”

त्यानं फोन समोर धरला. हात थरथरत होता, अगदी वडिलांचा थरथरायचा तसा. टिक् झालं. त्यानं फोटो तिच्यापुढे केला. “बघ, जराही हलला नाही. याला हात थरथरलेले चालतात.”

फोटो खरंच स्वच्छ होता. कपाटावरचे स्क्रूचे डबे मोजता येत होते. आणि त्या एवढ्याशा खोलीच्या पार टोकाला, कुठेतरी लांब, बोटाएवढी भिंगताई उभी होती.

“दादा, जाऊ नकोस,” ती म्हणाली.

दादानं हात पुढे करून तिच्या गालावर टपली मारली. त्यासाठी त्याला एक पाऊलही टाकावं लागलं नाही. मग तो वळला, वहिनीच्या हातातली एक पिशवी घेतली आणि दोघं जिना उतरून गेली.