पंचा परत पाठवायचा राहिला

तार आली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो. ‘आजोबा गेले. ताबडतोब निघ.’ एवढंच. खरं सांगतो, रडू आलं नाही. चार वर्षं एक गोष्ट त्यांना विचारीन विचारीन म्हणत होतो, आणि आता ज्याला विचारायची तो माणूसच उरला नव्हता... त्याला सव्वा महिना झाला.

आईवडील मुंबईत आणि मी जामसंड्याला आजोबांजवळ, असं माझं लहानपण गेलं. मे महिन्यात पडवीत आंब्यांची आढी लागे आणि शेजारी गवताच्या भाऱ्यांची रास. त्या राशीमागे मी लपायचो. पाय हमखास बाहेर राहायचे. आजोबा अगदी जवळून जात आणि मोठ्याने म्हणत, “खंय गेलो रे माझो नातू? गावणा नाय तो!” मग हरल्यासारखे पायरीवर बसत, मी आपणहून बाहेर येईपर्यंत. आपण फार हुशार आहोत ही माझी समजूत तिथलीच.

पुढे मी मुंबईला गेलो, नोकरीला चिकटलो. देवगडला बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून जात-येत. मुंबईकडे जाणाऱ्या बोटीच्या दिवशी आजोबा जामसंड्याहून बंदरावर चालत यायचे, बाबल तांडेलाच्या पडावात बसायचे आणि बोटीच्या कठड्यावर ओळखीचा चेहरा शोधायचे. तो सापडला की गाठोडं वर जाई. “माझ्या नातवाक दी.” आत आमसुलं, कुळथाचं पीठ, हंगामात आढीतले आंबे; बाहेर तांबड्या चौकड्यांचा पंचा. पंचा मात्र परत गेलाच पाहिजे, अशी ताकीद असे. गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी मी तो धुऊन पाठवायचो. पंचा वर्षातून चार वेळा गावी जाई. मी जात नसे.

गोवा मुक्त व्हायच्या आधीचा उन्हाळा. ‘यंदा रजा नाही,’ असं कार्ड मी त्यांना टाकलं, आणि चार दिवसांची रजा काढून मित्राच्या लग्नाला मालवणला गेलो. परतताना भर दुपारी बोट देवगडला थांबली. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, कोण बघतंय, असं म्हणत कठड्याशी उभा होतो. पहिला पडाव जवळ आला. मधल्या फळीवर आजोबा. मिटलेली छत्री, मांडीवर गाठोडं, डोळ्यांवर हात. एकेक चेहरा निरखत होते.

मी पाण्याच्या पिंपामागे झालो. नोकरी करणारा, मिशा फुटलेला बाप्या पिंपामागे! खाली आंब्यांच्या पेट्या चढवताना आरडाओरडा चालला होता. आता माझ्या नावाची हाक येईल, आता येईल... जाऊन पाया पडायला दहा मिनिटं पुरली असती. मी पिंपाला धरून राहिलो. हाक आली नाही. डोकावलो तेव्हा पडाव परतत होता. आजोबांची पाठ दिसत होती, आणि गाठोडं तसंच मांडीवर. ओळखीचं कुणी मिळालं नसेल, असं मी स्वतःला बजावलं.

त्यानंतर आजोबा बोटीवर आले नाहीत. गाठोडी दुसऱ्यांकडून येत राहिली. ‘त्यांचे गुडघे दुखतात,’ असं गावाहून आत्याने कळवलं. मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. पुढे दोनदा जाऊन आलो. जेवताना ते एकदा म्हणाले, “येवचा तेव्हा ये. आदी कळवू नको. कळवलंस काय माका वाट बघूक लागता.” त्यांना ठाऊक होतं की नव्हतं? विचारायचा धीर झाला नाही.

तेरावा झाल्यावर निघालो. आत्याने त्याच पंच्यात गाठोडं बांधून दिलं. पडावात मी मधल्या फळीवर बसलो. बाबल आता थकला होता, सुकाणू त्याचा मुलगा धरत होता. शेवटी मी विचारलंच, “बाबलकाका, त्या साली आजोबा गाठोडं परत घेऊन गेले, ते का?”

बाबल माझ्याकडे वळून बसला.

“म्हाताऱ्यान तुका बघल्यान हुतो. मी हाक मारूक गेलंय, तर माझो हात धरल्यान. म्हातारो म्हणालो, गप रव. पोरगो लपलो आसा, लपांदे.”

“आणि मग?”

“मगे बंदरावर उतारताना म्हणालो, बाबल, आता मी येवचंय नाय. मी इलंय तर पोराक परत लपूचा लागात.”

पडाव बोटीला लागला. मी वर पाहिलं. पाण्याचं पिंप तिथेच होतं, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कुणा उतारूचे पाय खालून स्वच्छ दिसत होते.

परवा ओळखीचे एक गृहस्थ देवगडला निघाले. सवयीने पंचा धुतला, घडी घातली, त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. हा पंचा आता मलाच न्यायला हवा... आणि घ्यायला तिथे कुणी नाही.