सोमेशची नजर आणि शिवानीचा चष्मा

अहमदपूरच्या स्टँडवर एसटी वळणाला असतानाच सोमेश तिची पाटी वाचून सांगायचा. ही नांदेड, ही मुखेड. पोरं पैजा लावायची आणि हरायची. त्याची चुलत बहीण शिवानी नांदेडला राहायची. ती त्याच्याहून वर्षाने लहान होती आणि चौथीपासून जाड भिंगांचा चष्मा लावत होती. नांदेडच्या विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून दोघांनी एकदा विमान उतरताना पाहिलं, आणि पायलट व्हायचं खूळ दोघांच्याही डोक्यात एकदमच शिरलं.

"चष्मेवाल्यांला विमान देत न्हाईत," सोमेशने तिला सांगून टाकलं. कुठं वाचलं होतं, कुणी सांगितलं होतं, काही नाही. पण शिवानीने ते खरं मानलं आणि पुढे विषयच काढला नाही.

बारावीनंतर सोमेश पायलटच्या मेडिकलसाठी हैदराबादला निघाला, तेव्हा बसवराजकाका, म्हणजे शिवानीचे वडील, म्हणाले, "हिलाबी ने संगं. बघू तर दे एकदा, काय म्हणतेत ते."

सोमेशला हसू आलं, पण त्याने नेलं.

डॉक्टरांनी आधी शिवानीला बसवलं. चष्मा लावून तिने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. "चष्म्याने पूर्ण दिसतंय ना, मग चालतं," डॉक्टर म्हणाले. "फक्त विमानात जादा चष्मा जवळ ठेवायचा." मग त्यांनी रंगीत ठिपक्यांची पानं उलटली आणि तिने त्यांत लपलेले आकडे धडाधड सांगितले.

सोमेशने तक्ता तर चष्म्याविना वाचला. मग ठिपके समोर आले.

"इथं कोणता आकडा आहे?"

"आकडा न्हाई सर. नुसते ठिपके हायत."

डॉक्टरांनी पान उलटलं. पुन्हा ठिपकेच. त्यांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. सोमेशला वाटलं डॉक्टर करतायत. शेवटी डॉक्टरांनीच हळू आवाजात सांगितलं, की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि हे जन्मापासूनचं आहे. औषध नाही, चष्मा नाही. घरच्या कापडदुकानात तपकिरी साडीवर हिरवं ब्लाउजपीस काढून दिल्याबद्दल अप्पा, म्हणजे सोमेशचे वडील, त्याला कितीदा रागावले होते, "लक्ष कुठं असतंय रे तुझं?" लक्ष तर नेहमीच तिथं असायचं.

परतीच्या गाडीत शिवानी त्याच्या शेजारी होती. ती दुःखाचं तोंड करून बसली होती, आणि आतून तिला उकळ्या फुटत असणार हे सोमेशला कळत होतं. त्याला तिचा चष्मा खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला.

या निकालाविरुद्ध वरच्या तपासणीची एक संधी होती, बेंगळुरूला. ठिपक्यांची पानं मोबाइलवर मिळाली. कोणत्या पानात कोणता आकडा, हे सांगायला डोळे असलेलं माणूस हवं होतं, आणि त्याने शिवानीलाच विचारलं. ती रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, तो पाठ करायचा. बेंगळुरूत ठिपक्यांचं पुस्तक कुणी उघडलंच नाही. अंधाऱ्या खोलीत लांबवर बारीक दिवे लावले आणि रंग विचारले. हिरव्याला तो पांढरा म्हणाला.

शिवानीला पुढच्या वर्षी फ्लाइंग स्कूलला प्रवेश मिळाला. नांदेडला काकांनी पेढे वाटले. सोमेश ताप आल्याचं सांगून घरीच राहिला. ती नेव्हिगेशनच्या पेपरात नापास झाली, हे आईने सांगितलं तेव्हा तो "अरेरे" म्हणाला, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

त्यानंतर तिचे फोन येऊ लागले. त्याने उचलले नाहीत. मग ती सरळ लातूरला, त्याच्या कॉलेजच्या खोलीवर येऊन थांबली.

"दादा, वारं धरून दिशा काढायची गणितं मला जमंनात. तू तर ही पुस्तकं अकरावीतच वाचलास. शिकव."

"वेळ न्हाई."

"खरं सांग."

सोमेश म्हणाला, "जळायलोय मी तुझ्यावर, शिवे. तू पास झालीस तर मला बरं वाटणार न्हाई."

"ठाऊक हाय मला," शिवानी म्हणाली. "हैदराबादच्या गाडीपासून. वाटू दे की. गणित तेवढं शिकव."

त्याने शिकवलं. रागारागात, वही आपटत शिकवलं, पण चुकीचं एकही अक्षर सांगितलं नाही. ती पास झाली.

आता सोमेश लातूरला पायलटच्या पेपरांचे क्लास घेतो. मराठवाड्यातली पोरं-पोरी येतात. फी भरायच्या आधी तो प्रत्येकाला डोळे तपासून यायला पाठवतो. चष्म्याला घाबरू नका, रंग बघून घ्या, म्हणतो. एखादा रडवेला परत आला, तर त्याला चहा पाजतो आणि दुसरं काय काय करता येईल ते सांगत बसतो.

शिवानी कॉकपिटमधले फोटो पाठवते. तो ते मोठे करून एकेक काटा वाचतो, किती उंचीवर आहे, दिशा कुठली आहे. "छान" असं लिहितो. मग त्या दिवशी वर्गात त्याचा आवाज उगाच चढतो, आणि पोरांना कळत नाही आज सरांचं काय बिनसलं.