मुग्धाचा कंप्युटर आणि अंगाला लागणारा करंट

कंप्युटरला हात लावला की करंट लागतो, असं घसा सुकेपर्यंत सांगितलं, पण घरात कोणी ऐकेल तर शपथ. नात म्हणाली स्टॅटिक आहे. सून म्हणाली, आई, तुमच्या हातांना मुंग्या येतात. कंपनीला फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला घरचं वायरिंग बघा. सगळ्यांनी हात झटकले... आणि मी भीत बसले.

असो. नमस्कार मंडळी. बरे आहात ना सगळे?

मुग्धा म्हणजे माझी नात. घरी बसून कार्टूनची चित्रं हलवायचं काम करते आणि काम संपलं की त्यावरच गेम खेळते. त्यासाठी तिने गेमिंगचा तयार कंप्युटर मागवला, फार महाग नाही, फार स्वस्त नाही, मधला. आवडला नाही तर परत पाठवायची मुदत होती, म्हणून ती रोज तो तपासत होती... आणि मीही.

माझं मत विचाराल तर, एका अंगाला काच आणि आत लग्नाच्या मांडवासारखे दिवे. पंखे गिरणीसारखे घोंघावतात आणि मागून अशी झळ येते की पापड वाळावेत. पुढून मात्र सगळं बंद, मग तो श्वास घेणार कुठून? आत ग्राफिक्स कार्ड म्हणून एक वीट आहे, ती एका बाजूने लोंबते. आमच्या खाऱ्या हवेत त्याचे स्क्रू दोन पावसाळे टिकले तर मला सांगा.

मुग्धा म्हणायची, आजी, या किमतीत याहून बरा मिळत नाही, फक्त पॉवर सप्लाय जरा हलका दिलाय. झालं. तो "हलका" शब्द माझ्या डोक्यात बसला.

कारण करंट खरंच लागत होता. फडक्याने पुसायला गेले तर कोपरापर्यंत झिणझिणलं. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, पण झिणझिण्या कळायला शाळा लागत नाही. आणि ही पोर अनवाणी, कानांवर ते हेडफोन, हात त्या डब्यावर... मला घास उतरेना. ती कामाला बसली की मी दारातून हाका मारायची. ओ दिली नाही की छातीत धस्स. हेडफोन लावल्यावर ती ओ कशी देणार, हे मला धस्स झाल्यावर आठवायचं.

परवा सकाळी मी सरळ सांगितलं, "हा डबा आज परत गेला नाही तर मी जेवणार नाही." मुग्धा वैतागली. "काय गो आजी! थांब, टेस्टर लावून दाखवते. मग तरी गप्प बसशील?"

टेस्टर लावला... आणि पेटला. पोरीचं तोंड उतरलं. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत लावला. कंप्युटर बंद, दिवे बंद, पंखे गप्प... आणि टेस्टर पेटलेलाच.

मग ती फ्रिजकडे गेली. पेटला. वॉशिंग मशीन. तिथेही पेटला. मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. फ्रिजच्या ज्या दांडीला धरून मी रोज दूध काढते, तिच्यात करंट.

तेवढ्यात टाकी भरली म्हणून सुनेने विहिरीचा पंप बंद केला. टेस्टरचा दिवा विझला. मुग्धा ओरडली, "आई, चालू कर परत!" चालू केला तर पेटला. सून ओल्या पायांनी, ओल्या हाताने बटणापाशी उभी होती. "अगो, सोड ते! मरशील!" मी आयुष्यात तिच्यावर एवढी ओरडले नव्हते, आणि ओरडले आहे भरपूर.

वायरमनला बोलावला. त्याने पंप उघडला, आत पाणी शिरलेलं. म्हणाला, काकी, पंप खराब होतो, त्याचं काही नाही, पण करंट जमिनीत जायला हवा, तो सगळ्या यंत्रांना जोडलेल्या अर्थिंगच्या वायरीतून घरभर का फिरतोय? अर्थिंगचा खड्डा दाखवा.

दाखवायला आम्ही तिघी दारापुढे आलो, आणि तिथेच थांबलो.

आमचं घर कातळावर. उन्हाळ्यात कातळ असा सुकतो की अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर ते अर्थिंग कामाचं नाही. आमचे हे होते तोवर ते ओतायचे, मग सून ओतायची. पण शिमग्याला पालखी दारात येते, ती नाचवायला दारापुढचं खळं गुळगुळीत हवं म्हणून माझ्या मुलाने, सुहासने, यंदा मुंबईहून माणसं पाठवली आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालून घेतले. पालखी सुरेख नाचली हो. खड्डा खाली गाडला गेला. आम्ही तिघी त्याच्यावर उभ्या राहून ओटी भरली, आणि एकीलाही आठवलं नाही.

वायरमनने पंपाची वायर काढून ठेवली आहे. म्हणाला, खड्डा मोकळा झाल्याशिवाय काही सुरक्षित समजू नका. आता पाणी विहिरीवरून ओढतो. फ्रिज बंद, मशीन बंद, घरात चपला घालून वावरतो. मुग्धा अंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहते आणि बोलत राहते. ती चिडते. चिडू दे. चिडली म्हणजे आहे.

कंप्युटर परत पाठवला नाही. त्याला मी नको नको ते बोलले, पण त्याने झिणझिण्या दिल्या नसत्या तर एखाद्या सकाळी पंपाच्या बटणापाशी सून पडलेली दिसली असती. दिव्यांचा सोस सोडला तर वस्तू बरी आहे. घ्यायची तर घ्या, पण आधी आपलं अर्थिंग बघा.

आता खाली मुग्धाने काही लिहायचं नाही, सुनेने नवऱ्याची बाजू घ्यायची नाही, आणि इतरांनी हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत. सुहास, तू उत्तर दे. पेव्हर उचलायला माणसं कधी पाठवतोस, तेवढंच लिही.